शाळा सुटल्यानंतर

थप्पड बसली तेव्हा मीनाबाईंना आधी वास आला. मशीनवर लोखंड कापताना जे दुधासारखं पांढरं पाणी सोडतात त्याचा, तेलकट आणि थोडा आंबूस. मग आवाज आला, आणि दुखलं सगळ्यात शेवटी. चष्मा व्हरांड्याच्या पायरीवरून खाली गेला. समोर निळ्या शर्टातला एक माणूस धापा टाकत उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना वाटलं की यालाच कुणीतरी मारलंय. माझी पोरगी कुठाय, काय केलं तुम्ही तिला, असं काहीसं तो ओरडत होता. त्याच्या पोरीचं दप्तर मीनाबाईंच्या हातात होतं. चौथीच्या पुस्तकांचं, एक पट्टा तुटून गाठ मारलेलं. ते त्यांनी खाली पडू दिलं नाही. पुढे कित्येक दिवस, झोप लागता लागता, त्यांना गालाऐवजी तो हातच आठवायचा, पट्ट्याची गाठ घट्ट धरलेला.

त्या दुपारी सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या त्या महापालिकेच्या शाळेत मधली सुट्टी संपता संपता तेजल भोये जिन्यावरून पडली होती. मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. मीनाबाई तिच्या वर्गशिक्षिका. त्यांनी रुमालाने कपाळ बांधलं, पोरीला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. बापाला किती फोन केले त्याला गणती नाही. पण धनराज भोये ज्या कारखान्यात कंत्राटावर होता तिथे कामगारांचे फोन गेटवरच जमा करून घेत. तेजलची आई भाताच्या लावणीला पेठकडे गेलेली, तिथे रेंज नाही. प्लास्टर घालायला वेळ होता आणि पोरगी एकच धोशा लावून बसली होती, माझं दप्तर, माझं दप्तर. तेव्हा शिपाई बारकूला तिच्याजवळ बसवून मीनाबाई दप्तर आणायला परत आल्या. तोवर शाळा सुटली होती. धनराज पाळी संपवून बाहेर पडला तेव्हा रिक्षा स्टँडवर कुणीतरी त्याला सांगितलं की तुझी पोरगी शाळेत पडली, डोकं फुटलं, उचलून नेली. तो धावत आत आला आणि पहिल्या दिसलेल्या बाईंवर त्याने हात उचलला.

एवढीच गोष्ट. सांगायला दोन मिनिटं पुरतात, आणि मीनाबाईंनी ती इतक्या वेळा सांगितली की पुढे पुढे ती दुसऱ्याच कुणाबद्दल आहे असं त्यांना वाटू लागलं. पोलीस ठाण्यात सांगितली. तिथल्या साहेबांनी समजावलं की तुम्ही महापालिकेच्या नोकर, म्हणजे लोकसेवक, त्यामुळे ही साधी मारहाण नाही. कर्तव्य बजावताना लोकसेवकावर हल्ला, कलम एकशे बत्तीस, दोन वर्षांपर्यंत कैद. संघटनेचे पदाधिकारी सोबत होते, ते हळहळले. जुन्या कायद्यात आपल्या राज्यात पाच वर्षं होती म्हणे, नव्यात दोनच राहिली. मीनाबाई गालावर ओला रुमाल धरून ऐकत होत्या. पाच काय आणि दोन काय. त्या वेळी त्यांना तो माणूस आत गेलेला हवा होता, हे मात्र खरं. रात्रभर तो कोठडीत आहे या विचाराने त्यांना बरं वाटलं होतं, आणि ते बरं वाटणं त्यांनी स्वतःपासून लपवलंही नव्हतं.

शिक्षकांनी काळ्या फिती लावल्या. पेपरात फोटो आला. मग फिती सुटल्या, आणि जे राहिलं ते फक्त मीनाबाईंपाशी राहिलं. पहिल्याच आठवड्यात वर्गात त्यांनी नेहमीसारखं विचारलं, गोदावरी कुठे उगम पावते, कोण सांगेल, आणि सगळ्या वर्गाचे हात एकदम वर गेले. मीनाबाई दोन पावलं मागे सरल्या. पाठ फळ्याला टेकली. मुलं गोंधळली, काही हात हळूहळू खाली आले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांना सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच होती, ते एकदम वर जाणारे हात, बोटं ताणून, बाकावरून अर्धं उठून, बाई मी, बाई मी. त्यानंतर त्या नाव घेऊनच प्रश्न विचारू लागल्या. वर्ग शांत झाला. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले तेव्हा शिस्तीचं कौतुक करून गेले.

शाळेला नवं गेट बसलं, दिवसभर कुलपात राहणारं. कॅमेरे बसले. पालकांनी बाहेर थांबावं असा फलक लागला. सुटण्याच्या वेळी आया गजांना धरून उभ्या राहायच्या आणि आतून एकेक नाव पुकारलं जायचं. हे सगळं तुमच्यामुळे झालं बरं का, असं मुख्याध्यापक निकमसर मीनाबाईंना एकदा चांगल्या मनाने म्हणाले. त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर त्यांना एकलहऱ्याची शाळा आठवली, आणि आठवली ती अशी की बस कुठे पोचली याचं भान राहिलं नाही.

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत त्या वाढल्या. वडील धोंडीराम पगारे कोळशाच्या विभागात होते. वाघिणींतून कोळसा उतरायचा, पट्ट्यावरून आत जायचा, आणि घरी यायचे ते वडिलांचे फक्त डोळे. बाकी सगळा माणूस काळा. आई, आक्काबाई, मोरीत पाणी काढून ठेवायची आणि वडील साबण लावून लावून हळूहळू वडील व्हायचे. वारा फिरला की चिमण्यांची राख वसाहतीवर यायची. दोरीवरचे कपडे सगळ्या बायका एकदम ओढून आत घ्यायच्या, आणि त्या धावपळीत कुणाचा परकर कुणाच्या घरात जायचा, मग संध्याकाळी तो परत द्यायला जाणं, मग चहा. शाळेला कुंपण होतं ते गुरं येऊ नयेत म्हणून, मेंदीचं. माणसं कुठूनही आत यायची. रात्रपाळी करून परतणारे वडील कधी कधी सरळ शाळेकडे वळायचे. वर्गाच्या खिडकीबाहेर, व्हरांड्याच्या कडेला, चपला काढून उभे राहायचे. त्यांना कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. आत काय शिकवतात ते ऐकायचे आणि थोड्या वेळाने निघून जायचे. मीनाला त्यांची लाज वाटायची आणि ते गेले की वर्ग रिकामा वाटायचा. वर्गशिक्षिका तुपेबाईंनी एकदा खिडकीतून विचारलं होतं की धोंडीराम, आत येऊन बसता का. वडील हसले आणि म्हणाले, नको बाई, बाक मळेल.

तुपेबाईंचं काम कुठे सुरू व्हायचं आणि कुठे संपायचं हे त्या वसाहतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मीनाला कावीळ झाली तेव्हा बाई रोज संध्याकाळी घरी यायच्या. दप्तर वर्गात राहिलं होतं, ते खांद्यावर अडकवून आल्या होत्या, एवढी मोठी बाई आणि खांद्यावर पोरीचं दप्तर, आणि शेजारणी दारात येऊन बघत होत्या. स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी मीनाला भागाकार शिकवला आणि भाकरी थापणाऱ्या आक्काबाईंना सही. पीठ पसरलेल्या परातीत बोटाने काढलेलं आईचं ते पहिलं अक्षर, आ, त्याचा काना खाली ओघळलेला. आई पुसू देईना. त्या रात्री भाकरी उशिरा झाल्या. चौदा एप्रिलला वसाहतीत कार्यक्रम असायचा, निळ्या कागदी पताका, आणि मीना भाषण विसरली की पहिल्या रांगेतून तुपेबाईंचे ओठ हलायचे. मोठं होऊन काय व्हायचं हे मीनाने कधी ठरवलं नाही. ते तसंच होतं, घरात पाणी असतं तसं.

आता हे असं आठवणं बरं नव्हे, हे मीनाबाईंना कळायचं. त्या शाळेतही गुरुजी वेताची छडी वापरायचे आणि पोरांच्या तळहातावर वळ उठायचे; त्यांना कुठलं कलम लागलं नाही. जुनं म्हणजे सगळं सोन्याचं असं नव्हतं. पण बसच्या खिडकीतून सिंहस्थासाठी खणून ठेवलेले रस्ते मागे जात असायचे, आणि मन मात्र मेंदीच्या कुंपणातून आत शिरायचं आणि तिथेच बसून राहायचं. वडील आज असते आणि सकाळी पाळीवरून या शाळेकडे वळले असते तर गेटवरून परत गेले असते. तसेच काळे, डबा हातात घेऊन. हे त्यांना फार लागायचं. थपडेहूनही.

खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. धनराज त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी जामिनावर सुटला होता. साक्षीदारांशी बोलायचं नाही अशी अट होती. कंत्राटदाराने त्याला कामावरून काढलं होतं. तेजलचं नाव शाळेतून कमी झालं. निकमसरांनी सांगितलं की ते लोक विंचूरकडे गेले, कांदा मार्केटला. तिचा बाक काही दिवस रिकामा राहिला, मग दुसरी मुलगी आली.

साक्षीच्या आठ दिवस आधी, रविवारी सकाळी, एक म्हातारी मीनाबाईंच्या उपनगरातल्या घरी आली. धनराजची आई, भागीबाई. पेठच्या पुढच्या डोंगरातून पहाटेची एसटी धरून आली होती आणि पत्ता विचारत विचारत पोचली होती. मीनाबाईंच्या नवऱ्याने, प्रफुल्लने, खुर्ची पुढे केली. ती खाली बसली. पाणी प्याली. बराच वेळ टीव्हीवर ठेवलेल्या बुद्धाच्या मूर्तीकडे बघत राहिली. मग तिने मुलाची बाजू मांडली नाही, रडलीही नाही. वेगळंच काहीतरी सांगू लागली.

"त्यो आश्रमशाळंत व्हता बाय. येवढासा, सहा वर्साचा. तिथं त्याला ताप भरला, लय दिस. आमाला कुनी सांगलं नाय. बाजाराला गेलेल्या मानसाकडून कळलं. मी चालत गेली तवा त्यो वळखत पन नव्हता मला."

भागीबाईने पदराने तोंड पुसलं आणि वकिलाने पाठवलेला निरोप सांगितला. खोटं काही बोलायचं नव्हतं. मारलं नाही असंही म्हणायचं नव्हतं. फक्त एवढंच म्हणायचं, की शाळा सुटली होती आणि मी माझं काम संपवून घरी निघाले होते. मग ते मोठं कलम टिकत नाही, साधी मारहाण उरते, आणि ती आपसात मिटवता येते. म्हातारीने ते पाठ करून आणलं होतं. शब्द तिच्या तोंडात नीट बसत नव्हते.

ती गेल्यावर प्रफुल्ल म्हणाला की म्हणून टाक, त्यात खोटं काय आहे, शाळा तर सुटलीच होती. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना कुठून तरी कुणकुण लागली. त्यांनी फोन करून बजावलं की आज तुम्ही ढिल्या पडलात तर उद्या कुणीही उठून शिक्षकांना मारील. निकमसर म्हणाले, तुमच्या मनाला विचारा. मीनाबाईंनी मनाला विचारलं, आणि मन त्यांना दर वेळी वेगळं उत्तर देत राहिलं. कणीक मळताना सहा वर्षांचा तापलेला धनराज दिसायचा. आरशात गाल दिसायचा, ज्यावर आता काहीच नव्हतं. कारण असतं, सगळ्यालाच कारण असतं, त्यांना वाटायचं. पण त्याचं कारण त्याचं आणि माझा गाल माझा. मला त्याने आधी विचारायला हवं होतं. एक प्रश्न. तेवढ्या वेळात मी सांगितलं असतं की ती बरी आहे, चला, मी तिकडेच निघालेय. मग पुन्हा वर्गातले ते हात, आणि पाठीला लागलेला फळा. मग विंचूरमध्ये कांद्याच्या गोण्या उचलणारा माणूस. असं ते फिरत राहायचं आणि कणीक सैल व्हायची.

साक्षीच्या दिवशी सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात खूप वेळ बाकावर बसावं लागलं. पलीकडच्या बाकावर धनराज होता. मीनाबाईंनी त्याला त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच पाहिलं. तो त्यांच्या आठवणीतल्यापेक्षा लहान होता, अंगाने आणि वयानेही. इस्त्रीचा शर्ट, कॉलर मोठी. त्याने एकदाही वर पाहिलं नाही. आत सरकारी वकिलांनी विचारलं ते सगळं मीनाबाईंनी सांगितलं. तरुण न्यायाधीश खाली बघत लिहून घेत होते. मग आरोपीचे वकील उठले. सौम्य माणूस होता, त्यांना ताई म्हणत होता. त्याने शाळा सुटण्याची वेळ विचारली, घटनेची वेळ विचारली. हजेरीपटावर सही करून झाली होती का, विचारलं. झाली होती. मुलीला दवाखान्यात पोचवलं होतं, तिच्याजवळ शाळेचा माणूस बसवला होता, म्हणजे शाळेची जबाबदारी पूर्ण झाली होती, बरोबर? मीनाबाई म्हणाल्या की त्या दप्तर घ्यायला आल्या होत्या. वकिलाने मान हलवली, जणू त्याला हेच हवं होतं.

"ताई, शाळा सुटल्यावर मुलीचं दप्तर तिच्यापर्यंत पोचवणं, हे शिक्षकाच्या कामात येतं का?"

कोर्टात पंखा फिरत होता. मीनाबाईंना कळलं की दार इथे आहे. नाही म्हटलं की झालं. ते खोटंही ठरलं नसतं, कुठल्याही नियमात दप्तराचा उल्लेख नव्हता. म्हातारीचा चेहरा त्यांना दिसला. आणि त्याच वेळी दिसली एक उंच बाई, खांद्यावर पोराठोरांचं दप्तर अडकवून, संध्याकाळच्या राखेतून वसाहतीच्या रस्त्याने चालत येणारी. तिला कुणी विचारलं असतं, बाई, हे तुमच्या कामात येतं का, तर तिला प्रश्नच कळला नसता. मीनाबाईंना वाटलं, आपण नाही म्हटलं तर एवढी वर्षं आपण जे केलं त्याचं नाव काय? घंटा होईपर्यंतची नोकरी.

"येतं," त्या म्हणाल्या.

आणखी काही विचारायचं नाही असं म्हणून वकील बसला. न्यायाधीशांनी पहिल्यांदाच वर पाहिलं आणि तुम्हाला आणखी काही सांगायचंय का असं विचारलं. मीनाबाई म्हणाल्या की भोयेंनी मला मारलं, ते चूक होतं, आणि ते चूक होतं असं कुठेतरी लिहून यावं एवढंच मला पाहिजे; त्यांना तुरुंगात पाठवावं असं मला वाटत नाही, पण ते ठरवणं माझं काम नाही. बाहेर आल्यावर धनराजच्या बाकाकडे न बघता त्या जिना उतरल्या. घरी येऊन झोपल्या, आणि भागीबाईला आपण काय सांगू या विचाराने दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या नाहीत.

महिन्याभराने निकाल लागला. गुन्हा सिद्ध झाला. मात्र पहिलाच गुन्हा, घरची परिस्थिती आणि फिर्यादी शिक्षिकेचं म्हणणं लक्षात घेऊन, वर्षभर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्यात आलं. संघटनेला ते कमी वाटलं. धनराजला पुढे नोकरी मिळवताना हे आडवं येणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. मीनाबाई निकाल ऐकायला गेल्या होत्या. का गेल्या ते त्यांनी प्रफुल्लला सांगितलं नव्हतं. कोर्टाच्या फाटकाबाहेर रसवंतीच्या सावलीत त्या रिक्षाची वाट बघत थांबल्या तेव्हा धनराज तिथे आला. चार हात लांबच थांबला. हात पाठीमागे बांधलेले. मीनाबाई मागे सरकल्या नाहीत.

तो माफी मागेल असं त्यांना वाटलं. त्याने मागितली नाही. खाली बघत म्हणाला, "बाई, केस चालू होती म्हणून विचारता येत नव्हतं. त्या दिवशी रिक्षात ती रडली का?"

दीड वर्षात मीनाबाईंना पोलिसांनी, वकिलांनी, पेपरवाल्यांनी सगळं विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं.

रिक्षात नाही रडली, त्यांनी सांगितलं. माझ्या मांडीवर डोकं होतं. दुसऱ्या हाताने माझं बोट धरून होती. रस्ता खराब होता, खड्डा आला की डोळे मिटायची. मला विचारत होती, पपांना कुणी सांगितलं का. मी सांगितलं, हो, निघालेत. खोटंच सांगितलं. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आणलं, त्यावर ठेवायला लागले तेव्हा रडली. मग गप्प झाली. मग दप्तर मागायला लागली. धनराज मान खाली घालून ऐकत होता आणि मीनाबाई सांगत होत्या, जे कुणालाच सांगायला मिळालं नव्हतं ते सगळं, डॉक्टर काय म्हणाले, कपाळाला टाका घालताना तिने माझ्या साडीचा काठ कसा चावला, बारकूने तिला बिस्किट दिलं तर ते तिने मुठीत धरून चुरून टाकलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि तेही त्याने विचारलं नाही. रसवंतीवाला दोनदा ग्लास पुसून त्यांच्याकडे बघून गेला.

सांगून होईपर्यंत विंचूरची गाडी लागायची वेळ झाली होती. त्याने स्टँडकडे पाहिलं. मीनाबाईंनी हाताचं विचारलं. हाड वाकडं जुळलं, तो म्हणाला, मनगट पुरतं वळत नाही. तिकडच्या शाळेत जाते. डाव्या हाताने लिहायला शिकली.

"अक्षर कसं येतं?" मीनाबाईंनी विचारलं.

"येतं चांगलं. जरा मागं झुकतं."

"झुकू दे," त्या म्हणाल्या. "कुणी सरळ करायला लागलं तर करू देऊ नका."